उशीखालची माती

‘आयर्लंडच्या चर्चमधली माती सगळे रोग बरे करते, शास्त्रज्ञांनीही मान्य केलं!’ हा मेसेज परवा पुन्हा फिरत आला. माती खरी, शास्त्रज्ञही खरे. ‘सगळे रोग’ ही मात्र थाप.

उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना परगण्यात बोहो नावाचं गाव आहे. तिथले धर्मगुरू जेम्स मॅकगर १८१५ साली वारले. ‘मी जे बरं करत होतो, ते माझ्यावरची माती बरं करील,’ असं ते सांगून गेले म्हणतात. तेव्हापासून लोक तिथली चमचाभर माती सुती कापडात बांधून नेतात, उशीखाली ठेवून झोपतात आणि चार दिवसांच्या आत परत आणून टाकतात. उशीर झाला तर अपशकुन!

२०१८ साली वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या गटानं या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जिवाणू वेगळा काढला. प्रयोगशाळेतल्या बशीत त्यानं एमआरएसएसारख्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची वाढ रोखली.

हे स्ट्रेप्टोमायसिस माझे फार लाडके. पहिल्या पावसाचा वास बराचसा यांचाच. मातीत ते बुरशीसारखे धागे पसरून राहतात. अन्न संपलं की जुने धागे स्वतःलाच विरघळवतात आणि त्या खुराकावर नवे धागे हवेत उभे राहतात, टोकाला बीजाणूंच्या माळा. पण असा शिजलेला खुराक उघड्यावर पडला की शेजारपाजारचे जंतू ताट घेऊन येणारच. बहुधा म्हणूनच प्रतिजैविकं नेमकी याच वेळी तयार होतात. यामागची एक करामत तर अफलातून आहे. प्रथिनांची एक वीट असलेल्या ल्युसिन या अमिनो आम्लाचे डीएनएत सहा संकेत असतात. त्यांतला ‘टीटीए’ या जिवाणूंत दुर्मीळ. तो वाचणारा टी-आरएनए (संकेत ओळखून त्याचं अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या प्रजातीत वाढीच्या उत्तरार्धात मुबलक होतो, आणि हवेतले धागे व प्रतिजैविकं यांच्या काही नियंत्रक जनुकांत हाच संकेत बसलेला असतो. म्हणजे किल्ली एक, कुलपं दोन! स्वतःच्या विषापासून वाचवणारी जनुकंही सहसा ते विष बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारीच असतात.

क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली याच कुळातून मिळालं. पण ते गाळून, शुद्ध करून, मोजून टोचावं लागतं. उशीखालच्या पुरचुंडीतून शरीरात काहीही पोचत नाही.

आपल्याकडे गुडघा फुटला की माती चोळणारे आहेतच. धनुर्वाताचे बीजाणूही मातीतच असतात. बोहोच्या रिवाजात माती निदान कापडात बांधलेली राहते.