हातात धनुष्य, कमरेला पिस्तूल : अमेरिकी रानांतील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याने स्वसंरक्षणासाठी पिस्तूल जवळ बाळगावे का, हा प्रश्न ऐकणाऱ्याला प्रथम अस्वलांचा वाटतो. ज्या कायद्यांनी तिरंदाजाला पिस्तूल नाकारले, ते मात्र अस्वलांचा विचार करून केलेले नव्हते आणि पुढे ज्या लाटेत ती बंदी बऱ्याच राज्यांत ढिली झाली, तिलाही अस्वलांशी फारसे देणेघेणे नव्हते. बंदी आली ती चोरट्या शिकारीच्या संशयातून आणि गेली ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या राजकारणातून. अस्वल या वादात बरेच उशिरा शिरले. शिकार हाच गुन्हा ठरवणाऱ्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना हा सगळा प्रकार परका वाटणे साहजिक आहे. पण नियम कोणत्या कारणाने येतो आणि नंतर कोणत्या कारणाने मोडतो, हे पाहण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे.

आधुनिक अमेरिकी धनुष्य-शिकारीचा उगम बहुतेक जण १९११ पर्यंत मागे नेतात. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या मूलनिवासी जमातीतील शेवटचा उरलेला माणूस लोकांना सापडला. पुढे तो इशी या नावाने ओळखला गेला. सॅन फ्रान्सिस्कोतील शल्यचिकित्सक सॅक्सटन पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याचे शिष्य बनले आणि धनुष्य घडवण्यापासून सावजाच्या जवळ सरकण्यापर्यंतची विद्या त्यांनी त्याच्याकडून उचलली. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. त्यानंतर चार वर्षांनी पोप आणि त्यांचे सोबती आर्थर यंग एका संग्रहालयाला ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतील तपकिरी अस्वलांचे नमुने मिळवून देण्यासाठी खास परवानगीने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेले आणि त्यांनी बाणांनी अस्वले मारली. या मोहिमेत नेड फ्रॉस्ट हा अनुभवी वाटाड्या रायफल घेऊन त्यांच्यासोबत होता. आधुनिक धनुष्य-शिकारीच्या पहिल्याच गाजलेल्या प्रसंगात बंदूक हजर होती, फक्त ती दुसऱ्याच्या हातात होती. ही रीत पुढे बड्या शिकारींत टिकून राहिली. अलास्कात तपकिरी अस्वलाच्या शिकारीला येणाऱ्या परराज्यातील माणसाला आजही परवानाधारक वाटाड्या किंवा तिथला रहिवासी असलेला जवळचा नातेवाईक सोबत असावाच लागतो, आणि असा वाटाड्या रिकाम्या हाताने जात नाही. स्वतःच्या गावाजवळच्या डोंगरात एकट्याने जाणाऱ्या सामान्य तिरंदाजाला मात्र ही सोय कधीच नव्हती.

बंदीचा उगम हंगामांच्या वाटणीत आहे. १९३० च्या दशकापर्यंत धनुष्यवाल्यांना बंदूकवाल्यांच्याच हंगामात, त्यांच्याच गोळ्यांच्या गोंगाटात आपले नशीब आजमावावे लागे. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत हरणांसाठी केवळ धनुष्याचा हंगाम ठेवला आणि नंतर एकेक राज्य त्या वाटेने गेले. पेनसिल्व्हेनियासारख्या शिकारीने भारलेल्या राज्यात तो १९५१ मध्ये आला. हे हंगाम सहसा बंदुकीच्या हंगामाच्या आधी आणि त्याहून लांब असत, कारण बाणाने फारशी हरणे मरत नाहीत असा हिशेब होता. साहजिकच बंदूकवाल्यांच्या मनात शंका आली : ही मंडळी आमच्या आधी रानात शिरणार, चांगली नरहरणे उचलणार आणि बाणाने जमले नाही तर कमरेचे पिस्तूल काढणार. तिरंदाजांच्या संघटनांनाही आपले हत्यार स्वतःच्या बळावर पुरेसे आहे हे विधिमंडळांना पटवून द्यायचे होते. म्हणून धनुष्याच्या हंगामात जवळ कोणतेही अग्निशस्त्र नको, हा नियम बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंच्या संमतीने आला आणि कुणाला तो अन्यायाचा वाटला नाही.

नियम राबवणाऱ्या वनरक्षकाच्या बाजूनेही तो सोयीचा होता. पहाटे रानात भेटलेल्या माणसाच्या मनात काय आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. त्याच्या कमरेला काय आहे एवढे मात्र दिसते. हेतू सिद्ध करण्याची कटकट टाळून नुसते बाळगणेच गुन्हा ठरवले की काम सोपे होते. १९६१ मध्ये पोप आणि यंग यांच्या नावाने स्थापन झालेल्या क्लबने धनुष्याने मारलेल्या मोठ्या जनावरांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, तेव्हा गोळीने संपवलेले जनावर नोंदीत घेतले जाणार नाही हे ओघानेच आले. कायदा आणि खेळाची नीती यांचे इतके जुळलेले असे की दोन्हींतला फरकच लोक विसरून गेले. हा विसर पुढच्या वादात फार महागात पडला, असे मला वाटते. कारण ‘पिस्तूल नको’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना आपण सुरक्षिततेबद्दल बोलत आहोत की खेळाच्या शुद्धतेबद्दल, हे सांगता येत नसे.

दरम्यान दोन्ही हत्यारे बदलत गेली. स्मिथ अँड वेसनने १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आणि १९५० च्या दशकाच्या मध्यात .४४ मॅग्नम ही जोरदार काडतुसे झाडणारी पिस्तुले बाजारात आणल्यावर, मोठे जनावर थोपवू शकेल असे कमरेला लटकणारे शस्त्र प्रथमच सहज मिळू लागले. दुसरीकडे मिझुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये चाके लावलेल्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले आणि वर्षानुवर्षांच्या सरावाची विद्या काही महिन्यांत जमण्याजोगी झाली. धनुष्य-शिकार हा मूठभर छांदिष्टांचा उद्योग राहिला नाही. वन्यजीव संवर्धनासाठी शिकारीच्या साहित्यावर बसवलेला केंद्रीय कर १९७० मध्ये पिस्तुलांवर आणि १९७२ मध्ये तिरंदाजीच्या साहित्यावर लागू झाला, यावरूनही दोन्ही बाजारांची वाढ लक्षात यावी.

बंदीला खरा धक्का शहरांकडून बसला. १९८७ मध्ये फ्लॉरिडाने पात्र अर्जदाराला लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना दिलाच पाहिजे असा कायदा केला आणि पुढच्या दोन दशकांत बहुतेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. मिशिगनमध्ये तो २००१ मध्ये आला. २००३ मध्ये अलास्काने तर परवान्याची अटच काढली, आणि आज निम्म्याहून अधिक राज्ये त्याच भूमिकेवर आहेत. आता परवानाधारक माणूस सरळ विचारू लागला : किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, मुलांच्या सामन्याला माझ्याजवळ जे पिस्तूल चालते, ते मी झाडावर मचाण बांधून बसलो की अचानक गुन्हा कसे होते? या प्रश्नाला चोरट्या शिकारीच्या जुन्या युक्तिवादात समाधानकारक उत्तर नव्हते. पेनसिल्व्हेनियाने आपल्या शिकार-संहितेत परवानाधारकाला स्वतःच्या वा इतरांच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याची मुभा घातली. मिशिगनने परवानाधारक तिरंदाजाला पिस्तूल नेऊ दिले, पण त्या पिस्तुलाने जनावर मारण्यास मनाई कायम ठेवली. ‘बाळगा, पण सावजावर वापरू नका’ हे सूत्र मग अनेक राज्यांत पसरले. या दोन्ही राज्यांत ग्रिझली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिथे भीती होती ती, असलीच तर, माणसांची : आडरानात, फोनला रेंज नसलेल्या जागी भेटणाऱ्या अनोळखी माणसांची.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी जंगलांत चोरून गांजा पिकवणाऱ्या सशस्त्र टोळ्यांमुळे ही भीती अगदीच काल्पनिक नाही. तरीही याच राज्याने जुनी बंदी सर्वांत चिकाटीने जपली. तिथल्या कायद्यानुसार धनुष्याच्या हंगामात हरणामागे जाणाऱ्याला अग्निशस्त्र बाळगता येत नाही. अपवाद आहे तो सेवेतील आणि सन्मानाने निवृत्त झालेल्या पोलीस अधिकाऱ्यांचा. एकाच टेकडीवर शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी निवृत्त अधिकाऱ्याने पिस्तूल ठेवावे आणि दुसऱ्याने ठेवू नये, यामागे धोक्याचा कोणताही हिशेब दिसत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या परवाना कायद्याविरुद्ध निकाल देताना घराबाहेर शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क मानला, तेव्हापासून अशा नियमांना आव्हान देण्याची भाषा अधिक जोरात ऐकू येते.

राष्ट्रीय उद्यानांच्या बाबतीत तर या साऱ्याला विनोदी वळण मिळाले. पूर्वी उद्यानात शस्त्र न्यायचे असेल तर ते रिकामे करून बांधून ठेवावे लागे. २००९ मध्ये क्रेडिट कार्डांविषयीच्या एका कायद्याला जोडलेल्या दुरुस्तीमुळे हा निर्बंध उठला आणि २२ फेब्रुवारी २०१० पासून, त्या त्या राज्याच्या कायद्यात बसेल तसे भरलेले पिस्तूल उद्यानात नेता येऊ लागले. धनुष्याचा त्या दुरुस्तीत उल्लेखच नव्हता. त्यामुळे उद्यान ओलांडून पलीकडच्या सरकारी जंगलात जाणाऱ्या तिरंदाजाला पिस्तूल मोकळेपणी नेता येई, धनुष्य मात्र नियमाच्या कचाट्यात सापडे. हा घोळ अमेरिकी संसदेने २०१९ च्या सार्वजनिक जमिनींविषयीच्या कायद्यात निस्तरला.

अस्वलांची गोष्ट रॉकी पर्वतराजीची, मुख्यतः मोंटाना, वायोमिंग आणि आयडाहो यांची आहे. १९७५ मध्ये ग्रिझलीला संरक्षण मिळाले, तेव्हा यलोस्टोनच्या परिसरात ती दीडशेच्याही आत उरली असावीत असा अंदाज होता. पुढच्या चार दशकांत ती सातशेच्या वर गेली आणि पूर्वी जिथून नाहीशी झाली होती अशा खोऱ्यांत परतली. नेमक्या त्याच खोऱ्यांत सप्टेंबरमध्ये एल्कचा, म्हणजे सांबराच्या जातकुळीतल्या पण त्याहून थोराड हरणाचा, धनुष्याचा हंगाम असतो. अस्वलाच्या मुलखात माणसाने जे जे करू नये असे सांगितले जाते, ते सगळे तिरंदाज मन लावून करतो. तो पहाटे आणि सांजवेळी हिंडतो, पाऊल वाजू देत नाही, अंगाचा वास लपवतो, वाऱ्याविरुद्ध सरकतो आणि तोंडाने मादी एल्कचा आवाज काढतो. हिवाळ्याच्या तयारीत दिवसभर खात सुटलेल्या अस्वलाला हा आवाज जेवणाची वर्दी वाटू शकतो. त्यातच बाण रक्तस्रावाने मारतो; जनावर लगेच पडत नाही. शिकारी अर्धा तास, कधी काही तास थांबतो, मग रक्ताच्या खुणांवरून माग काढतो, आणि मांस कापायला बसतो तेव्हा आतड्यांचा वास दरीभर गेलेला असतो. धावून येणाऱ्या अस्वलासमोर धनुष्याचा उपयोग जवळपास शून्य : ग्रिझली तीस मीटर अंतर दोन सेकंदांत कापते.

१४ सप्टेंबर २०१८ रोजी वायोमिंगच्या टेटन वाइल्डरनेस या राखीव रानात जे घडले, त्याचा दाखला या वादात दोन्ही पक्ष देतात. परराज्यातून आलेल्या एका तिरंदाजाने आदल्या दिवशी बाण मारलेला एल्क शोधून तो आणि त्याचा वाटाड्या त्याचे तुकडे करत होते. मांस कापताना अडचण नको म्हणून वाटाड्याचे पिस्तूल काही पावलांवर सामानासोबत ठेवलेले होते. बेअर स्प्रेचा, म्हणजे अस्वलावर फवारायच्या तिखट द्रवाचा डबा मात्र त्याच्या कमरेलाच होता. मादी ग्रिझली आणि तिचे वाढलेले पिल्लू धावत आले आणि मादीने वाटाड्याला धरले. पाहुण्याने पिस्तूल गाठले, पण त्याला ते चालवता आले नाही. त्याने ते वाटाड्याकडे फेकले, ते पोहोचले नाही. पाहुणा जखमी होऊन निसटला, वाटाड्या मेला. नंतर मारलेल्या मादीच्या तपासणीत तिच्यावर स्प्रे उडाल्याचे आढळले, म्हणजे स्प्रे वापरला गेला होता, पण उशिरा. बरोबर दहा दिवसांनी मोंटानातील मिझुलाच्या केंद्रीय न्यायालयाने यलोस्टोनच्या ग्रिझलींचे काढून घेतलेले संरक्षण पुन्हा लागू केले आणि वाद आणखी पेटला.

मिरचीच्या अर्काचा हा स्प्रे १९८० च्या दशकात मोंटानात विकसित झाला. मिझुलाच्या विद्यापीठात कॅरी हंट यांनी कोंडलेल्या अस्वलांवर केलेल्या प्रयोगांतून त्याचा पाया घातला गेला. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अलास्कातील ८३ घटना तपासून, तपकिरी अस्वलांच्या बाबतीत स्प्रेने ९२ टक्के वेळा काम केल्याचे दाखवले. याच गटाने २०१२ मध्ये अग्निशस्त्रांच्या २६९ घटना पाहिल्या. त्यांत पिस्तुलाचे यश ८४ आणि लांब नळीच्या बंदुकांचे ७६ टक्के निघाले, मात्र शस्त्र वापरणारा आणि जवळ असून न वापरणारा यांना इजा होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. हे आकडे समोरासमोर ठेवून स्प्रेचा विजय जाहीर करण्याची घाई बरी नव्हे, कारण स्प्रेच्या घटनांत नुसत्या कुतूहलाने जवळ आलेली अस्वलेही होती आणि बंदुकीच्या घटनांत चवताळून धावलेली अधिक. स्प्रे जेमतेम नऊ-दहा मीटर जातो आणि वारा उलटा असेल तर वापरणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो. पण त्यासाठी अचूक नेम धरावा लागत नाही, आणि दोन सेकंदांच्या हिशेबात ही फार मोठी सोय आहे. माझ्या मते वायोमिंगच्या घटनेचा धडा हत्यारापेक्षा त्याच्या जागेचा आहे : सामानात ठेवलेले पिस्तूल घरी ठेवल्यासारखेच. छातीवर बांधायच्या पिस्तुलाच्या म्यानांची चलती वाढली ती याच समजुतीतून. तिथून ते पाठीवरच्या पिशवीला आणि धनुष्याच्या दोरीला आड येत नाही, शिवाय आडवे पडल्यावरही हाताला लागते.

सीमेपलीकडे कॅनडात हीच अस्वले आणि हेच एल्क आहेत, पण पिस्तुलावर कडक निर्बंध असल्यामुळे तिथला सामान्य तिरंदाज ते रानात नेऊच शकत नाही. तो स्प्रेवर किंवा सोबत्याच्या लांब बंदुकीवर विसंबतो. अमेरिकी बाजूला पिस्तूल चालवण्याची मुभा असली तरी गोष्ट गोळीपाशी संपत नाही. संरक्षित ग्रिझली स्वतःच्या जिवासाठी मारल्यास केंद्रीय नियमानुसार पाच दिवसांच्या आत कळवावे लागते, आणि मग तपास अधिकारी जागेवर येऊन अस्वल किती अंतरावर पडले, गोळी कुठून शिरली आणि रिकाम्या पुंगळ्या कुठे सांडल्या, हे मोजतात.