शिष्यवृत्ती दफ्तर, विद्यापीठीय (गोवा)

गुणवत्तेच्या आधारे दिलेल्या शिष्यवृत्त्यांच्या कामकाजात तयार झालेले आणि काम संपल्यावरही जपून ठेवलेले कागद, नोंदवह्या व संगणकीय फायली यांचा संच. योजनेचे नियम, परिपत्रके, अर्ज, छाननीचे तक्ते, गुणवत्ता यादी, मंजुरी आदेश, वाटपपत्रके, नूतनीकरणाचे कागद आणि लेखापरीक्षणाचे शेरे असे सगळे त्यात मोडते. दफ्तर पाहायला येणारा बहुधा गुणवत्ता यादीच मागतो. यादीवरून कोण कितवा आला एवढे कळते. तो कोणत्या नियमाने आला, किती अर्जदारांतून आला आणि पैसे त्याच्या हाती पडले की नाही, हे सांगणारे कागद निराळे असतात, आणि दफ्तरातून आधी तेच गहाळ होतात.

कागद कुठे विखुरले आहेत

मुक्तीपूर्वी गोव्यात विद्यापीठ नव्हते. १९ डिसेंबर १९६१ नंतर पुढच्याच वर्षी पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्रही पणजीत होते. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४चा, प्रत्यक्ष काम १ जून १९८५ पासून. त्यामुळे १९६२ ते १९८५ या काळातल्या एखाद्या विद्यार्थ्याचा माग काढायचा तर तीन ठिकाणी जावे लागते: निकालाची खतावणी मुंबईला, मंजुरी व रकमेची नस्ती (फाईल) पणजीत शिक्षण खात्याकडे, आणि अर्जाची प्रत व हजेरीचा दाखला महाविद्यालयात. दहावी-बारावीच्या गुणांवर मिळालेल्या शिष्यवृत्तीत चौथे ठिकाणही येते, ते शालान्त मंडळाचे; गोव्याचे स्वतःचे मंडळ १९७५च्या कायद्याने आले.

३० मे १९८७ला गोवा राज्य झाले. तोवरच्या कागदांचे शीर्षक ‘गोवा, दमण व दीव’ असे असते आणि याद्यांत दमण-दीवचे विद्यार्थीही असतात. तालुकावार आकडे काढताना ते वेगळे धरले नाहीत तर गोव्याची बेरीज चुकते.

केंद्राची राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्ती १९६१-६२ पासून आणि राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती १९६३-६४ पासून सुरू झाली. जुन्या कपाटांत या दोन्हींच्या नस्त्या एकाच गठ्ठ्यात बांधलेल्या आढळतात. त्या आधी वेगळ्या कराव्यात. कर्ज शिष्यवृत्तीत करारपत्र, जामीनदार आणि परतफेडीचे हप्ते असतात. ती नस्ती शिक्षण संपल्यावर मिटत नाही, कर्ज फिटल्यावर मिटते.

पणजीचे पुराभिलेखागार आपली परंपरा १५९५ साली पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कूतो यांच्या नेमणुकीपासून सांगते. ते दफ्तर शासनाचे. विद्यापीठाने आपले कागद आपण सांभाळायचे असतात. १९९३चा केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायदा राज्य विद्यापीठाला थेट लागू होत नाही, म्हणून कोणता कागद किती वर्षे ठेवायचा याची अनुसूची विद्यापीठाने स्वतः मंजूर करून घ्यावी लागते. ती नसेल तर जागा अपुरी पडेल त्या दिवशी हाताला लागेल ते रद्दीत जाते.

एका निवडीच्या तीन याद्या

एका वर्षाच्या एका शिष्यवृत्तीच्या निदान तीन याद्या निघतात. पहिली तात्पुरती, आक्षेप मागवण्यासाठी सूचनाफलकावर लावलेली. दुसरी अंतिम, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीची. तिसरी प्रत्यक्ष वाटपाची. तिन्हींतली नावे क्वचितच तंतोतंत जुळतात. समजा वीस जागा आहेत आणि अंतिम यादीतल्या तिघांनी दुसरी शिष्यवृत्ती घेतली किंवा वैद्यकीयला प्रवेश मिळाल्याने महाविद्यालय सोडले. मग प्रतीक्षा यादीतले एकविसावे ते तेविसावे नाव वर सरकते. हा बदल मंजुरी आदेशाच्या पुरवणीत असतो, मूळ यादीत नसतो. अंतिम यादीवर विसंबून ‘शिष्यवृत्तीधारक’ मोजले तर घेतलेल्यांपैकी तिघे सुटतात आणि न घेतलेले तिघे मोजले जातात.

याहून जास्त घोळ शुद्धिपत्रकामुळे होतो. पुनर्मूल्यांकनात दोन-चार गुण वाढले की क्रम बदलतो आणि शुद्धिपत्रक निघते. ते परिपत्रकांच्या नस्तीला लागते, यादी शिष्यवृत्तीच्या नस्तीत राहते, आणि दोघांची पुन्हा गाठ पडत नाही. उपाय सोपा आहे. यादीच्या समासात पेन्सिलीने शुद्धिपत्रकाचा जावक क्रमांक व दिनांक लिहावा आणि शुद्धिपत्रकाची प्रत यादीच्या लगेच मागे लावावी. मूळ यादीतला आकडा खोडून नवा लिहू नये. ती यादी त्या दिवशी तशीच निघाली होती, हीच तिची साक्ष आहे.

नियमांचा कागद यादीइतकाच महत्त्वाचा. समान गुण पडल्यास कोणाला वर धरायचे, ऐच्छिक विषयाचे गुण धरायचे की नाही, एका प्रयत्नात उत्तीर्ण होण्याची अट आहे का, उत्पन्नाची मर्यादा किती, हे दरवर्षी बदलू शकते. टक्केवारी जाऊन श्रेणी आणि श्रेयांक आले तेव्हा रूपांतराचे सूत्रही बदलले. त्या वर्षीचा नियम जवळ नसेल तर दोन वर्षांच्या याद्यांची तुलना करता येत नाही. म्हणून प्रत्येक वर्षाच्या नस्तीचे पहिले पान त्या वर्षी लागू असलेल्या नियमाची प्रत असावे, मग नियम गेल्या वर्षीचाच का असेना.

वाटपपत्रक, ज्याला लेखा विभागात अक्विटन्स रोल म्हणतात, त्यात नाव, रक्कम, महसुली तिकीट आणि त्यावरून गेलेली सही असते. समोरचा रकाना कोरा असेल तर विद्यार्थी आला नाही किंवा धनादेशाची मुदत उलटली असे समजावे. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. त्या सुमारास ‘रद्द करून पुन्हा दिला’ असे शेरे दिसले तर ही बाब ध्यानात घ्यावी. वाटप न झालेली रक्कम परत भरल्याचे चलन शोधून जोडले की त्या वर्षाचा हिशेब पुरा होतो.

नावांची सूची

गोव्याच्या दफ्तरात सर्वांत जास्त वेळ नावे जुळवण्यात जातो. तेच आडनाव वडिलांच्या जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाने आणि मुलीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी वळणाने लिहिलेले असते. शिरोडकर एकीकडे एक्सने सुरू होतात, दुसरीकडे एसने. केणी क्यूखाली सापडतात आणि केखालीही. कामत सीखाली आणि केखाली. डिसोझांची नावे कधी डीमध्ये, कधी एसमध्ये. गावांचेही तसेच: फोंडा कोकणीच्या रोमन लिखाणात एफने आणि पोर्तुगीज-इंग्रजीत पीने, आणि डिचोली तर पोर्तुगीज-इंग्रजीत बीने सुरू होते. रोमी, म्हणजे रोमन लिपीच्या, वर्णक्रमाने केलेल्या सूचीत एका घरातली दोन भावंडे दोन टोकांना जातात.

यासाठी सूचीचे प्रमाण रूप देवनागरीत ठेवावे. ‘शिरोडकर’ ही एकच मुख्य नोंद, आणि कागदावर आढळलेले प्रत्येक रोमी रूप ‘पाहा’ म्हणून तिच्याकडे वळवलेले. मूळ कागदावरचे रूप नोंदीत जसेच्या तसे उतरवावे, सुधारू नये. आडनाव बदलले असेल तर बदलाचा दाखला कोणत्या नस्तीत आहे ते लिहावे; गोव्यात नाव-आडनाव बदलासाठी १९९०चा स्वतंत्र कायदा आहे आणि असे दाखले अर्जांना जोडलेले मिळतात. केवळ नाव आणि गाव जुळले म्हणून दोन नोंदी एक करू नयेत. जन्मतारीख किंवा परीक्षेचा आसनक्रमांक यांपैकी एक तरी जुळायला हवा.

काय ठेवायचे, काय काढायचे

कायम ठेवायचे कागद थोडे असतात: नियम व त्यांतील दुरुस्त्या, निवड समितीची इतिवृत्ते, देणगीदाराचे दानपत्र, अंतिम व प्रतीक्षा यादी, शुद्धिपत्रके, अर्जांची आवक नोंदवही आणि वाटपाचा गोषवारा. दानपत्राला विशेष जपावे. ‘मराठी विषयात पहिल्या येणाऱ्यास’ अशी अट त्यातच असते, आणि ठेवीचे व्याज घटले की रक्कम कमी करायची, एक वर्ष आड द्यायची की संख्या घटवायची, याचा निर्णय त्याच कागदावर होतो.

निवड झालेल्यांचे अर्ज शिष्यवृत्तीची मुदत संपून लेखापरीक्षणातले सर्व आक्षेप मिटेपर्यंत ठेवावेत. निवड न झालेल्यांचे अर्ज बहुतेक कार्यालये सर्वांत आधी काढतात, आणि तिथेच मोठे नुकसान होते. सत्तरी, सांगे, काणकोणातून कोण अर्ज करत होते, उत्पन्नाच्या किंवा १५ वर्षांच्या रहिवासाच्या मामलेदारी दाखल्याअभावी कोण बाद झाले, मुली किती होत्या, हे त्या अर्जांखेरीज कुठेही उरत नाही. सगळे ठेवणे शक्य नसते हे खरे. अशा वेळी शून्य आणि पाच या अंकांनी संपणाऱ्या वर्षांचे सर्व अर्ज ठेवावेत आणि उरलेल्या वर्षांची आवक नोंदवही, बाद होण्याच्या कारणासह, कायम ठेवावी. ‘चांगले’ अर्ज निवडून ठेवणे हा नमुना नव्हे.

काढायच्या कागदांची यादी सहीनिशी करावी आणि ती यादी कायम ठेवावी. कागद यंत्रात फाडून टाकावेत. रद्दीवाल्याला देऊ नयेत; त्यांत उत्पन्नाचे दाखले आणि बँक खात्यांचे क्रमांक असतात.

पावसाळा

जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर राहते. ६५ टक्क्यांच्या वर ती टिकली की कागदावर बुरशी धरू लागते. कागदाला ४५ ते ५५ टक्के मानवते. जांभ्या चिऱ्याच्या भिंती पाणी शोषतात, म्हणून मांडण्या भिंतीपासून आणि जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवाव्यात, आणि पावसाच्या माऱ्याच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला तर लावूच नयेत. दिवसा वातानुकूलन आणि संध्याकाळी बंद हा सर्वांत वाईट प्रकार. यंत्र थांबताच दमट हवा आत येते आणि गार झालेल्या कागदांवर ओल धरते. रात्रभर यंत्र चालवता येत नसेल तर ते दिवसाही न लावता पंखे आणि ओलावा शोषणारे यंत्र वापरणे बरे.

कसर खळीवर जगते. महसुली तिकिटाचा डिंक, फोटोमागची खळ, पाकिटाची चिकटपट्टी हे तिचे खाद्य. म्हणून जुन्या वाटपपत्रकावर सहीचा कागद शाबूत आणि तिकिटाभोवती जाळी पडलेली, असे दिसते. डांबरगोळ्यांनी किडे दूर राहतात, बुरशी हटत नाही. वेखंडाच्या पुरचुंड्या आणि कडुनिंबाची पाने यांचेही तेच. वाळवीसाठी भिंतीवर मातीची रेघ दिसते का हे पावसाआधी आणि पावसानंतर पाहावे.

भिजलेली नस्ती उन्हात पसरू नये. शाई पसरते आणि कागद वाकतो. टिपकागद मधे घालून पंख्याखाली वाळवावी आणि टिपकागद ओला झाला की बदलावा. ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी आलीच. टाचण्या, स्टेपल, रबरबँड आधीच काढलेले असावेत: लोखंड गंजून कागद खाते आणि रबर विरघळून पानाला चिकटते. फाटलेल्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावू नये; जपानी पातळ कागद आणि पिठाची पातळ खळ पुरते. एटीएम पावतीसारख्या थर्मल कागदाची प्रत मात्र लगेच काढावी, तो काही वर्षांत कोरा होतो.

स्कॅन आणि संगणकीय फायली

स्कॅन रंगीत, ३०० डीपीआयने आणि पानाच्या दोन्ही बाजूंनी करावा. छाननी करणाऱ्याचा शेरा अनेकदा अर्जाच्या पाठीवर असतो आणि लेखापरीक्षकाची लाल वा हिरवी खूण काळ्या-पांढऱ्या प्रतीत ओळखू येत नाही.

२०१५ पासून केंद्रीय योजनांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर येतात. तिथली माहिती विद्यापीठाचे दफ्तर नव्हे. पोर्टलसाठी नेमलेला नोडल अधिकारी बदलला, ओटीपीचा मोबाइल क्रमांक बदलला, की जुन्या वर्षांपर्यंत पोहोचणे अवघड होते. दरवर्षी पडताळणी संपताच आणि पुन्हा वाटप झाल्यावर अर्जदारांची, त्रुटी काढलेल्यांची व रक्कम जमा झालेल्यांची यादी उतरवून घ्यावी. एक प्रत दीर्घकाळ जपण्यासाठीच्या पीडीएफ-ए प्रकारात, एक साध्या सीएसव्हीत. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत.

१९९० ते २०१० या दरम्यानच्या मराठी फायली उघडल्यावर अक्षरांऐवजी खुणांची माळ दिसते. फाईल बिघडलेली नसते. ती श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असते. मूळ फाईल तशीच ठेवून फॉन्टचे नाव शोधावे, रूपांतर करावे आणि छापील प्रतीशी ताडून पाहावे, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात. कोणत्या दिवशी कोणत्या साधनाने रूपांतर केले ते नव्या फायलीबरोबर लिहून ठेवावे.