शिक्षकांचे कार्यस्वास्थ्य : मानसिक संसाधने व सामाजिक आधार

शिकवण्याच्या कामात शिक्षकाची उमेद, गोडी आणि प्रकृती टिकून राहण्याची स्थिती. ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : शिक्षकाच्या अंगचे मनोबल, म्हणजेच मानसिक संसाधने, आणि सहकारी, मुख्याध्यापक, पालक व घरचे यांच्याकडून मिळणारा सामाजिक आधार. अभ्यासात या दोहोंची मोजणी वेगवेगळी होते. शाळेत मात्र आधार आटला की मनोबलही फार दिवस पुरत नाही.

मानसिक संसाधनांत स्वक्षमतेवरील विश्वासाला मोठे स्थान आहे. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ही संकल्पना मांडली. हा विश्वास असलेल्या बाई एका पद्धतीने मूल वाचायला शिकले नाही, तर दुसरी पद्धत करून पाहतात. नसलेल्या पोर्शन संपवून मोकळ्या होतात. बँडुरांनी या विश्वासाचे चार स्रोत सांगितले : स्वतःला आलेले यश, दुसऱ्याला यशस्वी होताना पाहणे, कोणीतरी ‘तुम्हाला जमेल’ असे पटवून देणे आणि स्वतःची शारीरिक-भावनिक अवस्था. यांतले मधले दोन सरळसरळ इतर माणसांकडून येतात. फ्रेड ल्युथान्स यांनी या विश्वासाला आशा, आशावाद आणि पुन्हा उभे राहण्याची ताकद यांची जोड देऊन ‘मानसशास्त्रीय भांडवल’ ही कल्पना रूढ केली. स्टीव्हन हॉबफॉल (१९८९) यांच्या मते ज्याच्याकडे मुळात संसाधने कमी, त्याचे नुकसान लवकर होते आणि एका नुकसानीतून पुढची नुकसानी ओढवते.

ही झीज टोकाला गेली की माणूस कामाने पार थकतो, मुलांविषयी कोरडा होतो आणि आपल्या हातून काही होत नाही असे त्याला वाटू लागते. क्रिस्टिना मास्लाक यांनी ही तीन लक्षणे मोजण्याची पद्धत विकसित केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची (‘बर्नआउट’ची) नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित घटना म्हणून केली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे उपाय केवळ शिक्षकात न शोधता शाळेतही शोधावा लागतो.

जेम्स हाउस (१९८१) यांनी आधाराचे चार प्रकार केले : भावनिक, प्रत्यक्ष मदतीचा, माहितीचा आणि कामाची पावती देणारा. स्टाफरूममध्ये चारही दिसतात. कोणी डब्यातली भाजी पुढे करत ऐकून घेते, कोणी गैरहजर सहकाऱ्याचा प्रॉक्सी तास उचलते, कोणी पगाराच्या ‘शालार्थ’ या ऑनलाइन प्रणालीतली अडचण सोडवून देते. चौथा प्रकार सर्वांत दुर्मीळ. वर्गतपासणीच्या शेऱ्यात त्रुटी हमखास असतात, शाबासकी क्वचित.

पुण्यात या विषयाला इतिहास आहे. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचे धैर्य सर्वांना ठाऊक असते. त्यांना मिळालेल्या साथीची चर्चा त्या मानाने कमी होते. १८५६ मध्ये आजारपणामुळे माहेरी नायगावला असताना त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे सहकारी शिक्षिका फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. सहकाऱ्याने उचललेल्या भाराची जाण त्यात स्पष्ट आहे.

आज शिक्षण आयुक्तालय, बालभारती आणि परीक्षा परिषद पुण्यातच असल्याने राज्यभर जाणारे बरेचसे कागद इथूनच निघतात. ‘आज दुपारपर्यंत माहिती भरा’ हा निरोप मात्र पुण्यातल्या शिक्षकालाही व्हॉट्सअ‍ॅपवरच कळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. तरी निरनिराळे अहवाल, ऑनलाइन नोंदी आणि पोषण आहाराचा हिशेब उरतोच.

जुन्या पेठांतल्या संस्थांमध्ये स्टाफरूम भरलेली असते. मुळशी, भोर, राजगड (पूर्वीचे वेल्हे) या डोंगरी तालुक्यांतल्या द्विशिक्षकी शाळेत जोडीदार शिक्षक रजेवर गेला की सगळे वर्ग एकाच्या गळ्यात पडतात आणि बोलायलाही कोणी उरत नाही. तिथे जवळपासच्या शाळांच्या गटाचे (केंद्राचे) केंद्रप्रमुख आणि केंद्रस्तरीय शिक्षण परिषद हाच अधिकृत दुवा. परिषद निव्वळ सूचना वाचून दाखवण्यात गेली, तर खरा आधार चहाच्या वेळेत आणि परतीच्या प्रवासात मिळतो.

ताण व्यवस्थापनाच्या कार्यशाळा, योग, ध्यान यांचा उपयोग होतो. पण कामाचा भार तसाच ठेवून शिक्षकालाच खंबीर व्हायला सांगणे म्हणजे व्यवस्थेची जबाबदारी त्याच्या माथी मारणे होय. बोलण्यासाठी २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी हेल्पलाइनही आहे.

आर्थिक स्थैर्य हेही संसाधनच. शिक्षक पतसंस्था आणि संघटना अडीनडीला उभ्या राहतात, पण त्यांचा लाभ मुख्यतः कायम नोकरीतल्यांना मिळतो. शिक्षणसेवकाला, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाला, पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढावी लागतात. २०२३ मध्ये प्राथमिकसाठी ते दरमहा ६,००० वरून १६,००० रुपये झाले. विनाअनुदानित शाळांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तेवढीही शाश्वती नसते आणि तास संपताच दुसऱ्या शाळेत पोहोचायचे असल्याने स्टाफरूममध्ये त्यांची बैठकही फारशी होत नाही.