पृष्ठफळाचा आकडा आणि छिद्रांचे माप

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड-दिंडोरीच्या बांधांवर द्राक्षकाड्यांचे ढीग पडतात. त्यांपासून सुपरकॅपॅसिटरचा, म्हणजे सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागावर वीजभार साठवणाऱ्या साधनाचा, कार्बन करायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो, ग्रॅममागे छिद्रांसकट पृष्ठफळ किती? प्रश्न जुना आहे, आणि अपुराही.

१९५७ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील हॉवर्ड बेकर यांना अशा सच्छिद्र कार्बनच्या इलेक्ट्रोडवर पेटंट मिळाले. छिद्रांत नेमके काय घडते, हे तेव्हा त्यांनाही उलगडले नव्हते. पुढचे काम स्टँडर्ड ऑइल ऑफ ओहायोने केले. बाजारात मात्र माल आणला परवाना घेतलेल्या जपानच्या एनईसीने, १९७८च्या सुमारास, संगणकाची मेमरी टिकवण्यासाठी.

हिशेब सरळ वाटे: चौरस सेंटिमीटरला साधारण १० मायक्रोफॅरड, म्हणजे ग्रॅमला २००० चौरस मीटर असतील तर २०० फॅरड (फॅरड हे धारकतेचे, म्हणजे भार साठवण्याच्या क्षमतेचे एकक). प्रत्यक्षात सेंद्रिय द्रावणात हा आकडा बहुधा शंभराच्या आसपासच अडतो. पृष्ठफळ वायुशोषणाच्या चाचणीत मोजतात, पण त्यात मोजलेल्या प्रत्येक छिद्रात द्रावणातला भारित कण, म्हणजे आयन, शिरतोच असे नाही. पण अरुंद छिद्रे वायाच जातात हा समजही २००६ साली मोडला. गोगोत्सी, सिमाँ या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की छिद्र एक नॅनोमीटरच्या खाली गेले की धारकता उलट वाढते. आयन आपल्याभोवतीचे द्रावकाचे कवच काही अंशी टाकून आत घुसतो.

म्हणून छिद्रांचे माप ठरवणारे पोटॅश (खत नव्हे, पोटॅशियम हायड्रॉक्साइड) काड्यांच्या कोळशात किती घालायचे, हा खरा निर्णय. आधी ४००-५०० अंशांवर कोळसा करावा, मग वजनाने तिप्पट पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून नायट्रोजनच्या प्रवाहात ७००-८०० अंशांवर तासभर. क्रुसिबल (भट्टीत ठेवायचे भांडे) निकेलचे घ्यावे. पोटॅश चिनी माती खाते. पोटॅशियम धातूही सुटतो, म्हणून भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन चालूच हवा. तापमान किंवा पोटॅश वाढवले की छिद्रे एकमेकांत मिसळून रुंदावतात, ग्रॅममागचा आकडा तगतो, पण घनसेंटिमीटरमागचा पडतो. शिवाय बोर्डो (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) फवारलेल्या सालीत तांबे असते. आधी साल काढावी, आणि भट्टीतून निघालेला कार्बन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि गरम पाण्याने सामू ७ येईपर्यंत धुवावा. धातूचा अंश उरला तर भार आपोआप गळतो.

मोजणीतही खोट शिरते. तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीतला (एकाच कार्बन इलेक्ट्रोडचा) ग्रॅममागचा आकडा, दोन्ही इलेक्ट्रोडचे वजन धरून काढलेल्या पूर्ण सेलच्या आकड्याच्या चौपट येतो. कार्बनचा लेप चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम असेल तर ज्यावर तो देतात त्या निकेल फोमचा (सच्छिद्र निकेल-जाळीचा) स्वतःचा वाटाही त्यात मिसळतो. व्यापारी इलेक्ट्रोडवर लेप दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतो.