संचमान्यता : ग्रामीण विदर्भातील शिक्षकपदे, खर्च आणि बदल्या

जिल्हा परिषदेच्या शाळेला किती शिक्षक द्यायचे हे दरवर्षी ठरवण्याची प्रक्रिया म्हणजे संचमान्यता. ३० सप्टेंबरचा पट हा तिचा आधार. पोर्टलवर आधार क्रमांक जुळला नाही, तर वर्गात रोज बसणारे मूलही हिशेबाबाहेर राहू शकते. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत, त्यातही मेळघाटात आणि दक्षिण गडचिरोलीत, वस्त्या विखुरलेल्या आहेत. त्यामुळे लहान पटाच्या शाळा पुष्कळ, आणि दोन-चार मुलांच्या फरकाने पद जाण्याची धास्तीही नेहमीची.

शिक्षणहक्क कायद्यानुसार (२००९) प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक द्यायचे असतात. म्हणजे लहान गावात दोघांकडे चार-पाच वर्ग. त्यातला एक शाळासमूह केंद्राच्या बैठकीला किंवा बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला गेला की उरलेल्याने सगळी शाळा सांभाळायची. अशैक्षणिक कामांना कलम २७ ने मनाई आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. तेवढी फट पुरेशी ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा लहान शाळांवरून शिक्षक संघटनांनी विरोध केला.

खर्चाचा मोठा भाग वेतनाचा. ते राज्याच्या अनुदानातून शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीमार्फत होते, त्यामुळे प्राधान्यक्रम ठरवायला जिल्हा परिषदेच्या हाती थोडा सेस फंड, म्हणजे स्वतःचा उपकर निधी, उरतो. वर्गखोल्यांसाठी जिल्हा नियोजन समितीकडे पाहावे लागते. समग्र शिक्षा योजनेतले (२०१८ पासून) संयुक्त शाळा अनुदानही पटावरच ठरते : ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० मुलांना २५,०००. पट घसरला की शिक्षक जातो, अनुदानही घटते. छत गळायचे मात्र थांबत नाही.

रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत, असे कलम २६ सांगते. इथले शिक्षक सहसा नोकरी सोडत नाहीत, ते गाव सोडतात. २०१७ पासून बदल्या ऑनलाइन होतात. डोंगराळ, नक्षलग्रस्त, रस्ता किंवा मोबाइल नेटवर्क नसलेली अशी गावे 'अवघड क्षेत्र' ठरतात, आणि तिथे तीन वर्षे काढलेला शिक्षक बदलीच्या हक्काला पात्र होतो. न्यायाच्या दृष्टीने हा नियम योग्यच. पण गडचिरोलीतल्या भामरागड किंवा एटापल्लीतली नेमणूक त्यामुळे मुदतीची सजा वाटू लागते. माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलांशी शिक्षकाचे सूर जुळायलाच वर्ष-दोन वर्षे लागतात. भाषा जरा कळू लागते तोवर बदलीचा अर्ज भरलेला असतो. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन दुसऱ्या विभागातून आलेल्यांचे डोळे आंतरजिल्हा बदलीकडे लागलेले असतात.

शिक्षकाला अशा गावात थांबवण्यासाठी दिले जाणारे आमिष तोकडे आहे. आदिवासी व नक्षलग्रस्त भागासाठी २००२ च्या निर्णयाने एकस्तर (एक पायरी वरची) वेतनश्रेणी आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता आला, पण भत्त्याला १,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. नव्या माणसाला तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिकचे मानधन जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये आहे, त्याआधी ते ६,००० होते.

मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याची अट आणि शिक्षक तिथे राहतो असा ग्रामसभेचा ठराव हा वेगळाच विषय. ठराव कागदावर होतो, गुरुजी अप-डाउन करतात. दोष सगळा त्यांचा नाही : एकट्या शिक्षिकेला राहता येईल अशी, संडास-पाण्याची सोय असलेली भाड्याची खोली अनेक गावांत मिळत नाही.

वर्ष सुरू होऊनही शिक्षक आला नाही की पालक शाळेला कुलूप ठोकतात. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे ही आंदोलने बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये दिसतात. कुलूप लागले की पंचायत समितीतून दुसऱ्या शिक्षकाला तात्पुरत्या कामगिरीवर पाठवण्याचा आदेश निघतो. तो शिक्षक बहुतेकदा शेजारच्याच शाळेतून काढलेला असतो.