जपानी काळा पाइन : बोन्साय आणि सोलापूरची हवा

जपानी काळा पाइन (पायनस थुनबर्गी, कुल पायनेसी) हा जपान व दक्षिण कोरियाच्या समुद्रकिनाऱ्यांवर वाढणारा सदाहरित, सूचिपर्णी वृक्ष. जपानी नाव कुरोमात्सू. १७७५-७६ मध्ये जपानात राहिलेले स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग यांच्यावरून त्याला शास्त्रीय नाव मिळाले. उथळ कुंडीत वर्षानुवर्षे छाटून, तार बांधून त्याला म्हाताऱ्या वृक्षाचे रूप देणे हे बोन्सायमधले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत मानाचे काम समजले जाते. सोलापूरसारख्या उष्ण, कोरड्या गावी ते करायचे तर जपानी पद्धत पाठ असून भागत नाही. त्या पद्धतीमागचे कारण समजून घ्यावे लागते.

याच्या सुया जोडीने येतात, जाड, टोकदार आणि गडद हिरव्या असतात, आणि मोकळ्या वाढलेल्या झाडावर साधारण ७ ते १२ सेंमी. लांब होतात. टोकाच्या कळ्या पांढऱ्या असतात. जपानी लाल पाइन या दुसऱ्या जातीच्या कळ्या तांबूस असतात, त्यामुळे दोघांतला फरक हिवाळ्यात चटकन कळतो. जपानी लोक काळ्या पाइनला ‘ओमात्सू’ म्हणजे नर पाइन आणि मऊ सुयांच्या लाल पाइनला ‘मेमात्सू’ म्हणजे मादी पाइन म्हणतात. खोडाची साल वयाबरोबर काळपट होते आणि तिचे जाड खवले सुटतात. खारा वारा व रेताड जमीन सोसत असल्याने किनाऱ्यावर वारा अडवण्यासाठी त्याच्या रांगा लावत आले आहेत. फुजी पर्वताच्या जागतिक वारसा स्थळात २०१३ मध्ये समाविष्ट झालेले मिहो नो मात्सुबारा हे अशाच पाइनचे बन आहे.

बोन्साय म्हणून त्याचे माहेर शिकोकू बेटावरचे ताकामात्सू शहर. त्याच्या किनाशी व कोकुबुंजी या भागांत जपानातले सुमारे ८० टक्के पाइन बोन्साय तयार होतात. शेतात ओळीने लावलेली, तार गुंडाळलेली रोपे तिथे पिकासारखी वाढवतात. १९२३ च्या कान्तो भूकंपानंतर तोक्योतील बागवानांनी १९२५ मध्ये वसवलेले ओमिया हे बोन्सायचे दुसरे प्रसिद्ध गाव.

घडवण्याची सुरुवात मुळांपासून होते. जमिनीवर चहूबाजूंनी पसरलेली मुळे (नेबारी) दिसली पाहिजेत, खोड तळाशी जाड व वर निमुळते पाहिजे. त्यानंतर फांद्या. जुन्या पाइनच्या फांद्या स्वतःच्या भाराने खाली झुकलेल्या असतात, म्हणून तारेने त्या आडव्या किंवा किंचित खाली आणतात. तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, तिरपी, सुमारे ४५ अंशांत गुंडाळायची आणि तिच्याखाली एकही सुई दबू द्यायची नाही. हे काम रस मंद असताना, थंडीत करावे. जुनिपर या दुसऱ्या सदाहरित झाडाच्या बोन्सायमध्ये साल सोलून पांढरे, मृत लाकूड दाखवण्याची पद्धत आहे. काळ्या पाइनवर ती जपून वापरावी, कारण या झाडाचे खरे वैभव त्याची सालच आहे. पन्नास वर्षांत तयार झालेला खवला तारेच्या एका ओरखड्याने गेला तर तो परत आणता येत नाही.

सगळ्यात नाजूक तंत्र म्हणजे मेकिरी. वसंतात प्रत्येक टोकाला मेणबत्तीसारखा सरळ सुळका निघतो. बोन्सायवाले त्याला ‘कँडल’च म्हणतात. जपानात जून-जुलैत हा नवा सुळका बुडापासून कापतात. झाड मग त्याच जागी दुसऱ्यांदा फुटते आणि उरलेला मोसम थोडा असल्यामुळे या फुटीच्या सुया आखूड राहतात. छोट्या झाडावर लांब सुया शोभत नाहीत, म्हणून हा खटाटोप. पाइनचा सगळा जोर शेंड्याकडे धावतो, खालच्या व आतल्या फांद्या उपाशी राहतात. त्यामुळे दुबळे सुळके आधी आणि जोमदार सुळके आठ-दहा दिवसांनी कापतात. दुबळ्यांना वाढायला तेवढा जादा वेळ मिळतो. शरद ऋतूत प्रत्येक जागी दोनच कळ्या ठेवतात, जुन्या सुया उपटतात, शेंड्याकडे कमी आणि खाली जास्त सुया राखतात. मेकिरीआधी वसंतभर भरपूर खत द्यावे लागते, कारण दुसरी फूट झाड साठवलेल्या बळावर काढते. आजारी झाडावर, किंवा ज्या वर्षी कुंडी बदलली त्या वर्षी, मेकिरी करू नये. कोवळ्या रोपाचे तर आधी खोड जाड होऊ द्यावे.

डाळिंबाचा बहार धरणाऱ्या सोलापूरच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागणार नाही. झाडाचा साठा ओळखायचा, त्याला ठरावीक वेळी नव्याने फुटायला लावायचे आणि त्या फुटीला किती दिवस मिळतील याचा हिशेब आधीच करायचा, हेच तो मृग, हस्त किंवा आंबे बहार धरताना करतो. फरक एकच, पण जिवावरचा. डाळिंबाला पाणी तोडून ताण देतात. पाइनला तसा ताण चालत नाही. त्याची मुळे मेली तरी सुया काही आठवडे हिरव्याच दिसतात. रंग उतरलेला दिसतो तेव्हा झाड कधीच गेलेले असते, आणि ज्याने ते दहा वर्षे सांभाळले त्याच्या हाती काहीच उरत नाही.

सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो म्हणून सगळे उन्हाला घाबरतात. मला हिवाळ्याची काळजी अधिक वाटते. ताकामात्सूला जानेवारीच्या रात्री २ अंशांच्या आसपास जातात, सोलापूरला १५-१६ अंश. तिथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेचौदा तासांचा आणि सर्वांत लहान दहा तासांचा; इथे तो १३ आणि ११ तासांच्या आसपास असतो. पाइनला विसाव्याची वेळ सांगणाऱ्या दोन्ही खुणा, थंडी आणि आखडता दिवस, इथे क्षीण आहेत. म्हणून झाडाला विसावा मिळवून देणे हे पाळणाऱ्याचे पहिले काम. मार्गशीर्ष-पौषात खत पूर्ण बंद, पाणी बेताचे आणि रात्री झाड उघड्या आकाशाखाली, घराच्या तापलेल्या भिंतीपासून दूर.

उन्हाचा उपाय त्यामानाने सोपा आहे: झाडाला ऊन, कुंडीला सावली. पूर्ण शेडनेटखाली ठेवलेल्या पाइनच्या सुया लांब व ढिल्या होतात. पण गच्चीच्या फरशीवर ठेवलेली कुंडी दुपारी हवेपेक्षाही जास्त तापते आणि कडेची मुळे भाजतात. कुंडी फरशीपासून उंच, ओल्या वाळूच्या ट्रेवर ठेवावी, बाजूंना गोणपाट गुंडाळावे. पूर्वेकडची जागा उत्तम. ऐन उन्हाळ्यात दुपारनंतर विरळ जाळी चालेल. कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड येते. त्यासाठी सकाळी सुयांवर जोरात पाण्याचा फवारा मारणे औषधाआधी करून पाहावे.

इथली काळी माती कुंडीत चिमूटभरही घालू नये. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पाइनच्या मुळांना हवा लागते. अकादामा ही जपानी माती महागात मागवण्याचीही गरज नाही. दख्खनच्या बेसॉल्टचा मुरूम चाळून, धूळ काढून, २ ते ५ मिमी.चे खडे घेतले आणि त्यांत विटेचे तुकडे व थोडे मुरलेले खत मिसळले की निचरा चांगला होतो. मात्र मुरमावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. तो वापरू नये. पाइनला किंचित आम्लधर्मी माती मानवते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो आणि पुढे सुया पिवळ्या पडतात. पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी पिंपात साठवून अधूनमधून त्यानेच माती धुवावी.

कुंडी बदलताना मातीत पांढरे धागे दिसतात, अळंब्यासारखा वास येतो. नवख्याला तो रोग वाटतो आणि तो बुरशीनाशक ओततो. ही बुरशी मुळांची सोबतीण आहे, मुळांना पाणी व पोषण पुरवते. जुन्या मातीचा काही भाग मुद्दाम ठेवावा, मुळे धुऊन उघडी करू नयेत. जपानात हे काम कळ्या हलण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये करतात. सोलापुरात त्यासाठी गड्डा यात्रेचे, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराचे दिवस धरावेत. संक्रांतीनंतर फार थांबू नये, फेब्रुवारीअखेर ऊन चटका देऊ लागते. मेकिरीचा हिशेब मात्र उलट्या दिशेने सरकतो. ऊबदार दिवस जितके जास्त उरतात तितक्या दुसऱ्या फुटीच्या सुया लांब होतात, म्हणून जूनऐवजी श्रावणापर्यंत थांबणे तर्काला धरून आहे. पहिल्या वर्षी काही फांद्यांवरच करून सुयांची लांबी मोजावी आणि पुढच्या वर्षी तारीख ठरवावी.

बियांपासून सुरुवात करणाऱ्यांनी बिया दिवसभर भिजवून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवाव्यात. उगवलेली रोपे जास्त पाण्याने बुडाशी कुजून कोलमडतात, तेवढे सांभाळावे.

ज्यांना पाइनचे रूप हवे पण हिवाळ्याशी झगडा नको, त्यांनी सुरूचे झाड घ्यावे. कोकणच्या किनाऱ्यावर लावलेला हा वृक्ष पाइनचा नातलग नाही. त्याच्या ‘सुया’ म्हणजे सांधे असलेल्या हिरव्या काड्या आणि खरी पाने म्हणजे त्या सांध्यांवरचे बारीक खवले. काडी सांध्यावर ओढली की अलगद सुटते, त्यामुळे छाटणी बोटांनीच होते. जुन्या लाकडावरही तो सहज फुटतो. पाइनला घातक ठरेल इतके पाणी त्याला आवडते. उन्हाळ्यात त्याची कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत ठेवली तरी चालते.