हॉर्टिकल्चर नेमकं कुठे तोडायचं?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हॉर्टिकल्चर, रेफ्रिजरेशन, प्रॉडक्टिव्हिटी हे शब्द बांधावरही ऐकू येतात. बोलायला कुणाला अडचण नाही. त्यांचं स्पेलिंग पाठ करताना मात्र पोरांना घाम फुटतो, कारण एकेक अक्षर घोकायला लावतात. लांब इंग्रजी शब्दाला सांधे असतात आणि तेही दोन प्रकारचे, हे आधी दाखवायला हवं.

एक सांधा अर्थाचा. हॉर्टिकल्चरमधलं 'हॉर्टि' लॅटिनमधल्या बागेच्या शब्दातून आलं, 'कल्ट' मशागतीच्या, आणि पुढे नाम घडवणारा प्रत्यय. दुसरा सांधा उच्चाराचा. तोंडाने म्हणा: हॉर्-टि-कल्-चर. चार तुकडे, प्रत्येकात एक स्वर, हेच सिलेबल. आता 'कल्ट'मधला टी कुठे गेला? अर्थाने तो मशागतीचा, पण बोलताना पुढच्या प्रत्ययाला जाऊन मिळाला आणि त्याचा 'च' झाला. 'रेफ्रिजरेट'ला प्रत्यय लागून 'रेफ्रिजरेशन' झालं की तिथला टीसुद्धा असाच 'श' होतो. स्पेलिंग मात्र टी सोडत नाही, ते अर्थाचा सांधा धरून बसतं. अहिराणी बोलणाऱ्या पोराला यात नवल वाटू नये. जळगाव लिहून जयगाव म्हणणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

प्रत्यय जोराची जागाही बदलतो. 'प्रॉडक्टिव्ह'मध्ये जोर 'डक'वर असतो. 'इटी' लागली की तो 'टिव्ह'वर सरकतो. 'शन' आणि 'इटी' या दोन्ही शेपटांच्या लगेच आधीच्या सिलेबलवर जोर येतो. एवढं कळलं तरी शेकडो लांबलचक नामं बिनचूक म्हणता येतात.

जोर नसलेल्या सिलेबलचे इंग्रजीत फार हाल होतात. आपल्या केळीचंच इंग्रजी नाव घ्या. स्पेलिंगमध्ये ए तीनदा, पण भरघोस उच्चार फक्त मधल्याचा. बाकी दोन्ही आखूड 'अ'. पहिला आपल्याला सहज जमतो, मराठी 'ब'मध्ये तोच तर आहे. अडतं शेवटी. मराठीत शब्दाच्या टोकाचा 'अ' आपण सहसा गिळतो. लिहितो 'घड', म्हणतो 'घड्'. म्हणून 'बनान' लिहिलं तर कुणीही 'बनान्' वाचेल. मग तो आखूड स्वर टिकवायला आपण त्याला काना देतो आणि 'बनाना' म्हणतो.